पत्ता : १२७.०.०.१

जगातल्या पहिल्या वेब सर्व्हरवर एक कागदी लेबल चिकटवलेले होते. हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नका, असे त्यावर लाल शाईत हाताने लिहिलेले होते आणि शेवटी दोन उद्गारचिन्हे. यंत्र म्हणजे नेक्स्ट कंपनीचा एक काळा संगणक. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली तो वापरत असत. साल १९९०. घरी निघालेल्या एखाद्या सहकाऱ्याने सवयीने बटण दाबले असते, तर त्या क्षणी जगातले सगळे वर्ल्ड वाइड वेब बंद पडले असते. कारण सगळे वेब त्या एकाच डब्यात होते.

या गोष्टीतली मला आवडणारी बाजू जरा वेगळी आहे. बर्नर्स-ली त्याच संगणकावर पाने लिहीत, तिथेच ती साठवत आणि तिथूनच ती इतरांना मिळत. त्यांनी बनवलेला पहिला ब्राउझरही नुसता वाचण्यासाठी नव्हता. पान उघडा, खटकणारे वाक्य तिथेच बदला, सेव्ह करा, झाले. वाचणे, लिहिणे, साठवणे आणि वाटणे ही चारही कामे एकाच टेबलावर होत.

आज वेबसाइट बनवायला शिकणारा प्रत्येक जण पहिल्या आठवड्यातच विचारतो, ‘वर्डप्रेस आधी माझ्या लॅपटॉपवर टाकू, की सर्व्हर भाड्याने घेऊन थेट तिथे टाकू?’ वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला या मंडळींना कन्टेन्ट मॅनेजमेंट सिस्टीम म्हणतात, थोडक्यात सीएमएस. लेख लिहिण्याची, साठवण्याची आणि मांडण्याची ही यंत्रणा. मी नोकरीत हेच काम करतो आणि नव्या मुलांना मी याचे तांत्रिक उत्तर दोन मिनिटांत देतो. पण १९९० साली हा प्रश्न विचारताच आला नसता, कारण तेव्हा ‘इथे’ आणि ‘तिथे’ असे दोन संगणकच नव्हते. ते वेगळे कसे झाले, आणि वेगळे झाल्यावर आपल्या लिखाणाचा ताबा कोणाकडे गेला, ही गोष्ट दोन मिनिटांत सांगून होत नाही.

ओसरी आणि माजघर

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्रातून मोझेक नावाचा ब्राउझर बाहेर आला. मार्क अँड्रीसन आणि एरिक बीना यांनी तो लिहिला होता. चित्रे मजकुराच्या मध्येच दिसू लागली, विंडोजवर आणि मॅकवरही तो चालू लागला, आणि वेब एकदम लोकप्रिय झाले. पण मोझेकमध्ये पान बदलण्याची सोय नव्हती. तो फक्त दाखवत असे. नंतरच्या बहुतेक ब्राउझरनी हीच रीत उचलली आणि वेब वाचण्याची जागा झाली. लिहिणाऱ्याने दुसरीकडे बसून लिहायचे आणि तयार झालेली फाइल सर्व्हरवर नेऊन ठेवायची.

ती नेण्याचे साधन आधीच तयार होते. फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल, म्हणजे एफटीपी, याचा पहिला आराखडा १६ एप्रिल १९७१ रोजी प्रसिद्ध झाला. तो लिहिणारे अभय भूषण हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, आणि तेव्हा ते एमआयटीत होते. वेबचा जन्म व्हायला अजून जवळपास वीस वर्षे होती. पुढच्या दोन पिढ्यांतल्या वेबसाइटवाल्यांनी आपली पाने याच मार्गाने सर्व्हरवर चढवली. स्क्रीनच्या डाव्या बाजूला आपला संगणक, उजव्या बाजूला दूरचा सर्व्हर, आणि फाइल डावीकडून उजवीकडे ओढायची. ‘लोकल’ आणि ‘रिमोट’ हे दोन शब्द अनेकांनी पहिल्यांदा पाहिले ते या दोन खिडक्यांच्या डोक्यावर.

तोवर वेबसाइट म्हणजे फायलींचा गठ्ठा असे. लॅपटॉपवरची फाइल आणि सर्व्हरवरची फाइल तंतोतंत एक, त्यामुळे कुठे काय ठेवायचे हा प्रश्न फारसा अडवणारा नव्हता. तो अडवू लागला पान सर्व्हरवरच शिजू लागले तेव्हा.

एका गल्लीत चार भांडी

सीएमएस हा एकच प्रोग्रॅम नसतो. त्याला चार भांडी लागतात. ऑपरेटिंग सिस्टीम, पाने वाढणारा वेब सर्व्हर, मजकूर साठवणारा डेटाबेस, आणि ऐन वेळी मजकुरातून पान तयार करणारी भाषा. १९९५ हे या भांड्यांचे साल म्हणता येईल.

एनसीएसएचाच वेब सर्व्हर त्या काळी सगळ्यात जास्त वापरात होता. तो लिहिणारा रॉब मॅक्कूल तिथून निघून गेला आणि सर्व्हरची देखभाल थांबली. मग तो वापरणारे लोक आपापल्या दुरुस्त्या एकमेकांना पाठवू लागले, आणि त्या ठिगळांतून १९९५ मध्ये अपाची हा सर्व्हर उभा राहिला. त्याच वर्षी रासमुस लेरडॉर्फने आपला बायोडेटा ऑनलाइन कोण पाहतो हे मोजण्यासाठी लिहिलेली हत्यारे सगळ्यांना खुली केली. त्यांचे नाव पर्सनल होम पेज टूल्स, म्हणजेच पीएचपी. त्याच वर्षी मायएसक्यूएल हा डेटाबेसही आला. त्याच्या नावातला ‘माय’ म्हणजे त्याचा एक जनक मायकेल विडेनियस याच्या मुलीचे नाव. लिनक्स १९९१ पासून होतेच.

१९९८ मध्ये ‘सीटी’ या जर्मन संगणक-मासिकात मिखाएल कुन्झे याने या चौघांच्या आद्याक्षरांतून एक शब्द केला, लॅम्प. महागड्या व्यावसायिक सॉफ्टवेअरला हा फुकटचा संच पर्याय होऊ शकतो, असे त्याचे म्हणणे होते. ‘फुकट’ या शब्दाने आपले लक्ष लगेच वेधले जाते. पण आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचे काही वेगळेच आहे. हा संच कोणालाही कितीही वेळा, कुठेही मांडता येत होता. एखाद्या मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवर जे चालते, तेच अक्षरशः तुमच्या घरच्या संगणकावर चालू शकत होते.

फक्त ते मांडणे किचकट होते. चार प्रोग्रॅम वेगवेगळे आणायचे, प्रत्येकाची सेटिंगची फाइल हाताने लिहायची, आणि मग ते एकमेकांशी बोलत का नाहीत याचा शोध घेत बसायचे. काय ओझवाल्ड झायडलर आणि काय फोगेलगेझांग या दोन जर्मन मित्रांनी २००२ मध्ये ही डोकेदुखी संपवली. अपाची फ्रेंड्स या नावाखाली त्यांनी सगळा संच एका इन्स्टॉलरमध्ये बांधून दिला. त्याचे नाव आज इंजिनीअरिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत आहे : झॅम्प. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट असे टाइप केले की तुमच्या संगणकावरचा सर्व्हर उत्तर देतो.

लोकलहोस्ट म्हणजे ‘मी स्वतः’. त्याचा आकड्यांतला पत्ता १२७.०.०.१. १९८० च्या दशकात इंटरनेटच्या पत्त्यांची वाटणी होत असताना १२७ ने सुरू होणारे सगळे पत्ते यंत्राने स्वतःशीच बोलण्यासाठी राखून ठेवले गेले. असे पत्ते १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ आहेत. पुढे जगाला पत्ते अपुरे पडले, पण स्वगताची ही जागा कोणी मागे घेतली नाही. या पत्त्यावर पाठवलेला संदेश नेटवर्कच्या तारेपर्यंत पोचतच नाही, आतल्या आत वळून परत येतो. म्हणून इंटरनेट बंद असले तरी लोकलहोस्ट चालतो.

महाराष्ट्रातल्या संगणक-शिक्षणात या वाक्याला फार मोठा अर्थ आहे. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये नेट असून नसल्यासारखे असे, पण पेनड्राइव्हवर झॅम्प असे. वाचनालयाची वेबसाइट, मेसचा हिशोब, रक्तदात्यांची यादी असे आमचे मिनी प्रोजेक्ट htdocs या फोल्डरमध्ये जन्मले — माफ करा, हे नाव देवनागरीत लिहायचे तर ‘एचटीडॉक्स’. परीक्षकांनी ते लोकलहोस्टवरच पाहिले, वहीवर सही केली, आणि ते तिथेच वारले. एकही प्रोजेक्ट जगाने पाहिला नाही. पण सर्व्हर, डेटाबेस आणि भाषा एकमेकांना कशी हाक मारतात, हे आम्ही एक रुपयाही न भरता, कोणाची परवानगी न घेता शिकलो. नाटकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर आमच्या तालमी जोरात झाल्या, प्रयोग मात्र लागला नाही.

चाळीतले बिऱ्हाड

प्रयोगासाठी थिएटर लागते, आणि थिएटर भाड्याने घ्यावे लागते. वेबच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक साइटला स्वतंत्र आयपी पत्ता लागे, कारण ब्राउझर सर्व्हरकडे पान मागताना कोणत्या साइटचे पान हवे हे सांगतच नसे. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ या नियमावलीने ब्राउझरला साइटचे नाव सांगणे सक्तीचे केले. म्हणजे आधी पोस्टमन फक्त इमारतीपर्यंत पोचत होता, आता पाकिटावर खोलीतल्या कुटुंबाचे नावही आले. त्यामुळे एकाच सर्व्हरवर, एकाच पत्त्यावर शेकडो साइट नांदू लागल्या. शेअर्ड होस्टिंग नावाची ही चाळ भाड्याला परवडणारी होती. नळ एक, जिना एक, आणि शेजाऱ्याकडे पाहुण्यांची गर्दी झाली की आपल्याकडेही पाणी कमी.

घरच्याच संगणकावर सर्व्हर ठेवला तर भाडे वाचणार नाही का? तत्त्वतः वाचेल. पण मी वाढलो त्या तालुक्याच्या गावी २००५ नंतरची काही वर्षे लोडशेडिंगच्या वेळापत्रकावर दिवस चालत असे. सकाळी गेलेली वीज दुपारी येई आणि संध्याकाळी पुन्हा जाई. यंत्र बंद करू नका, ही सर्नची चिठ्ठी आमच्याकडे महावितरणला उद्देशून लिहावी लागली असती. सर्व्हरला लागणारी मुख्य गोष्ट संगणक नसतेच. चोवीस तास वीज, चोवीस तास जोडणी आणि न बदलणारा पत्ता या तीन गोष्टी लागतात. या तिन्ही आपल्याकडे नव्हत्या, म्हणून आपण जागा भाड्याने घेतली. ‘तिथे’ जाण्यामागे आळस नव्हता, गरज होती. दूरच्या सर्व्हरला नावे ठेवताना हे विसरता कामा नये.

‘इथून’ ‘तिथे’ जाण्याची सगळ्यात छान गोष्ट ड्रुपलची आहे. २००० साली बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठात विद्यार्थ्यांना कायमची इंटरनेट जोडणी सहज मिळत नसे. ड्रीस बॉयटार्ट आणि हान्स स्नाइडर या दोघांनी वसतिगृहांमध्ये वायरलेस जोडणी करून हान्सची एकच एडीएसएल लाइन आठ जणांत वाटून घेतली. मग ड्रीसने या आठ जणांपुरती एक छोटी साइट लिहिली. नेटवर्क चालू आहे का, आज जेवायला कुठे जायचे, असले निरोप तिच्यावर लागत. अस्सल लोकल साइट. शिक्षण संपले, ड्रीस वसतिगृह सोडून निघाला, आणि मित्रांचा संपर्क राहावा म्हणून ती साइट इंटरनेटवर न्यायचे ठरले. त्याला डॉर्प हे नाव हवे होते. डच भाषेत डॉर्प म्हणजे खेडे. नाव मिळते का पाहताना टाइप करण्यात चूक झाली आणि ड्रॉप हे नाव पक्के झाले. जानेवारी २००१ मध्ये त्यामागचे सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुले झाले तेव्हा डच ‘द्रुपल’, म्हणजे थेंब, या शब्दावरून त्याचे नाव ड्रुपल पडले.

हा थेंब मराठीपर्यंत आला. मनोगत, उपक्रम, मिसळपाव ही मराठी संकेतस्थळे ड्रुपलवर उभी राहिली. देशोदेशी पांगलेल्या मराठी माणसांनी तिथे देवनागरीत लिहायला सुरुवात केली, भांडणे केली, पाककृती दिल्या, व्याकरणावर रणे माजवली. आठ मित्रांचे जेवण ठरवणारी भिंत बांधणाऱ्याच्या मनात हे येणे शक्य नव्हते. पण त्याने ती अशी बांधली होती की कोणालाही उचलून आपल्या अंगणात लावता यावी.

सामान हलवताना

लोकलवर तयार झालेली साइट सर्व्हरवर नेणे ऐकायला सोपे वाटते. फायली चढवा, डेटाबेस उतरवून तिकडे भरा. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना पुढचा परिच्छेद वाचताना हसू येईल.

विंडोजला फाइलच्या नावातली मोठी आणि लहान इंग्रजी अक्षरे सारखीच वाटतात, लिनक्सला नाही. त्यामुळे लॅपटॉपवर दिसणारा लोगो सर्व्हरवर गायब. वर्डप्रेस स्वतःचा पत्ता डेटाबेसमध्ये लिहून ठेवते. त्यामुळे नवीन घरी गेल्यावरही ते पाहुण्यांना लोकलहोस्टवर पाठवते, म्हणजे त्या पाहुण्याच्याच संगणकावर. बरे, डेटाबेसची फाइल उघडून जुना पत्ता शोधा आणि नवा घाला म्हटले, तर काही सेटिंग पीएचपी आकडा मोजून ठेवते. पुढे १६ अक्षरे आहेत असे आधी लिहायचे आणि मग ती १६ अक्षरे. पत्ता लांबला, आकडा तोच राहिला, की अख्खी सेटिंग वाचता येत नाही. यासाठी आता खास हत्यारे आहेत. पण त्या हत्यारांच्या मागे कितीतरी जणांची रात्रीची झोप आहे.

मराठीवाल्यांच्या वाट्याला आणखी एक संकट होते, आणि ते चेष्टेवारी नेण्याजोगे नव्हते. मायएसक्यूएल स्वीडनमध्ये जन्मले, म्हणून अक्षरांचा त्याचा मूळ साचा लॅटिन आणि वर्णक्रम स्वीडिश. युनिकोडची सोय त्यात २००४ च्या सुमारास ४.१ या आवृत्तीत आली, पण न सांगता मिळणारा साचा लॅटिनच राहिला. तो बदलला थेट २०१८ मध्ये, ८.० या आवृत्तीत. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणून पंधरा बाइट. सर्व्हरने ते लॅटिन समजून वाचले की एका ‘म’च्या जागी तीन परकी चिन्हे उमटतात, आणि पान एखाद्या विचित्र युरोपी भाषेत लिहिल्यासारखे दिसते.

हे दिसायला भयंकर, पण बरे होणारे दुखणे आहे. बाइट शाबूत असतात, फक्त वाचणारा चुकत असतो. खरे दुखणे प्रश्नचिन्हांचे. सामान हलवताना कुठल्या तरी टप्प्यावर डेटाबेसने मजकूर लॅटिनमध्ये बदलायचा प्रयत्न केला, तर ज्या अक्षराला लॅटिनमध्ये जागा नाही त्याच्या जागी तो प्रश्नचिन्ह लिहितो. मूळ अक्षर टाकून देतो. मग कवितेच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरते, आणि त्या रांगेतून कविता परत मिळवण्याचा कोणताही उपाय संगणकशास्त्रात नाही. जुन्या मराठी पानांवर अशा रांगा तुम्ही पाहिल्या असतील.

माझ्या एका मित्राच्या कॉलेजच्या वार्षिक अंकाची साइट अशीच गेली. होस्टिंगवाल्याने सर्व्हर बदलला, आणि सहा अंकांचा मजकूर प्रश्नचिन्हे होऊन परत आला. त्यातले चार अंक आज वाचता येतात. कारण साइट बनवणाऱ्या मुलीने ती लोकलहोस्टवर चालवून पाहिली होती आणि तो फोल्डर घरच्या जुन्या डेस्कटॉपवर तसाच पडून होता. तिने तो जपला वगैरे नव्हता, फक्त पुसायचा राहिला होता. उरलेले दोन अंक थेट सर्व्हरवर लिहिले गेले होते. ते गेले.

किल्ली कोणाकडे

वर्डप्रेसचा जन्म अशाच एका सोडून दिलेल्या घरातून झाला. मिशेल वाल्द्रिगी या फ्रेंच तरुणाने २००१ मध्ये बी-टू नावाचे सॉफ्टवेअर लिहिले. पुढे त्याने त्यावर काम करणे थांबवले. ह्यूस्टनमधला मॅट मलनवेग हा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी ते वापरत होता. जानेवारी २००३ मध्ये त्याने जाहीरपणे लिहिले की हे सॉफ्टवेअर जीपीएल परवान्याखाली आहे, म्हणजे त्याची प्रत घेऊन पुढे नेण्याचा हक्क आपल्याला आहेच. इंग्लंडमधल्या माइक लिटलने मदतीची तयारी दाखवली. २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. मूळ लेखक गायब झाला तरी सॉफ्टवेअर मेले नाही, कारण त्याची चालती प्रत वापरणाऱ्यांच्या संगणकांवर होती आणि ती पुढे चालवण्याचा कायदेशीर हक्कही.

पुढच्याच वर्षी मूव्हेबल टाइप या तेव्हाच्या लोकप्रिय सीएमएसने तिसऱ्या आवृत्तीबरोबर परवान्याच्या अटी बदलल्या आणि फुकट वापरावर मर्यादा आणल्या. कंपनीला तो हक्क होताच. पण अनेकांच्या लक्षात आले की आपण ज्या घरात राहतो त्याचे नियम दुसरा कोणी रातोरात बदलू शकतो. ते सामान उचलून वर्डप्रेसकडे आले. २००५ मध्ये मलनवेगच्या कंपनीने वर्डप्रेस डॉट कॉम सुरू केले. तिथे काहीच इन्स्टॉल करावे लागत नाही. म्हणजे एकाच नावाखाली दोन्ही वाटा आल्या : स्वतः आणून हवे तिथे चालवा, किंवा आमच्याकडे राहा. आणि राहणाऱ्यालाही आपला मजकूर बाहेर काढण्याची सोय ठेवली.

ही सोय जिथे नसते किंवा वापरली जात नाही तिथे काय होते, याची उदाहरणे वेबच्या इतिहासात ढिगाने आहेत. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीजवर लाखो लोकांनी आयुष्यातले पहिले वेब पान बनवले. याहूने १९९९ मध्ये ती विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केली. जेसन स्कॉट याच्या आर्काइव्ह टीममधल्या हौशी लोकांनी शेवटच्या महिन्यांत जमेल तितकी पाने उतरवून घेतली, म्हणून आज त्यांतला मोठा भाग पाहता येतो. मायस्पेसने मार्च २०१९ मध्ये कबूल केले की सर्व्हर हलवताना जुनी गाणी, फोटो आणि व्हिडिओ नष्ट झाले. हजारो नवख्या बँडची गाणी त्यांत होती. १० मार्च २०२१ च्या रात्री फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक इमारत पूर्ण जळाली. लाखो साइट बंद पडल्या. रस्ट हा गेम खेळणाऱ्या युरोपातल्या खेळाडूंची प्रगती कायमची पुसली गेली. ज्यांनी बॅकअपही त्याच आवारात ठेवला होता, त्यांचे मूळ आणि नक्कल दोन्ही एकाच रात्री गेले. क्लाउड म्हणजे ढग. पण ढगाला आग लागत नाही, इमारतीला लागते.

या सगळ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की इथे की तिथे हा प्रश्न थोडा सरकतो. सर्नचा सर्व्हर बर्नर्स-लींच्या टेबलावर होता, पण एका बटणावर अवलंबून होता. जिओसिटीज चोवीस तास चालू होती, पण किल्ली याहूकडे होती. घरातली एकच प्रत आणि दूरवरची एकच प्रत, दोन्ही सारख्याच नाजूक. टिकले ते तेच, ज्याची चालू शकणारी दुसरी प्रत दुसऱ्या कोणाकडे होती. बी-टू असेच टिकले, आणि त्या कॉलेजचे चार अंकही.

एक गंमत सांगतो. वर्डप्रेस सर्व्हरवर चढवल्यावर त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये डेटाबेस कुठे आहे हे लिहावे लागते. बहुतेक होस्टिंगवर तिथे काय लिहितात? लोकलहोस्ट. कारण डेटाबेस त्याच यंत्रावर असतो आणि त्या यंत्राच्या दृष्टीने तेच ‘इथे’ असते. नवी मुले इथे हमखास गोंधळतात. मी त्यांना सांगतो की रिमोट नावाचे कोणतेही यंत्र जगात नाही. जे तुमच्यासाठी रिमोट, ते दुसऱ्या कोणाचे तरी लोकल असते. फक्त त्या खोलीची किल्ली त्याच्या खिशात असते.

हातातले यंत्र

तुम्ही हा लेख बहुधा फोनवर वाचत आहात. या फोनची ताकद त्या नेक्स्ट संगणकाच्या कित्येक पट आहे, तो दिवसभर चालू असतो आणि इंटरनेटला जोडलेला असतो. तरीही त्याच्यावर वेबसाइट ठेवून जगाला दाखवणे अवघड आहे. पत्ते अपुरे असल्यामुळे मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. तुम्ही बाहेर हाक मारू शकता, बाहेरचा कोणी तुमचे दार शोधू शकत नाही. लोडशेडिंग गेले तरी तिसरी अट, म्हणजे न बदलणारा पत्ता, अजून अपुरीच आहे. म्हणून आपण लिहितो ते कोणाच्या तरी ॲपमध्ये, कोणाच्या तरी सर्व्हरवर, आणि त्याची आपल्याकडे कसलीच प्रत नसते. इंजिनीअरिंगच्या मुलाकडे निदान झॅम्पचा फोल्डर होता.

पण तालीम मात्र आता फोनवरही करता येते. २०२२ पासून वर्डप्रेसच्या प्रकल्पात प्लेग्राउंड नावाची सोय आली. ॲडम झेलिन्स्की हा त्यामागचा मुख्य माणूस. यात पीएचपी वेबअसेम्ब्लीच्या रूपात थेट ब्राउझरमध्ये चालते आणि मायएसक्यूएलच्या जागी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस बसतो. लिंक उघडली की काही सेकंदांत अख्खे वर्डप्रेस तुमच्या ब्राउझरच्या टॅबमध्ये उभे राहते. होस्टिंग नाही, झॅम्प नाही. टॅब बंद केली की एरवी सगळे पुसले जाते, पण तत्पूर्वी सगळी साइट एका झिप फाइलमध्ये उतरवून घेता येते, आणि ती फाइल दुसरीकडे उघडता येते.

म्हणून आता मला कोणी विचारले की सीएमएस लॅपटॉपवर टाकू की सर्व्हरवर, तर मी सांगतो की दोन्हीकडे टाका, आणि सामान दोन्ही दिशांनी हलवून बघा. इथून तिथे नेणे सगळेच शिकतात. तिथून इथे आणणे फार थोडे शिकतात. महिन्यातून एकदा सर्व्हरवरचा डेटाबेस आणि फायली उतरवा, लोकलहोस्टवर चालू करा, आणि मराठी अक्षरे नीट दिसतात का ते डोळ्यांनी पाहा. नुसती बॅकअपची फाइल असून भागत नाही, ती उघडून चालली पाहिजे. तुम्ही वेबसाइटवाले नसाल, तर ज्या ॲपवर वर्षानुवर्षे लिहीत आहात त्याच्या सेटिंगमध्ये ‘डेटा डाउनलोड करा’ असे काही आहे का ते आज शोधा. अर्धा तास लागेल. न सापडले, तर आपण कोणत्या प्रकारच्या घरात राहतो हे तरी कळेल.